इसाबेल हावनेसला गेली

ऑगस्टमध्ये फुजैरात समुद्र दिसत नाही. असतो तिथेच, पण त्याच्यावर दमट वाफेचा असा काही पडदा पडतो की बंदराबाहेर नांगर टाकून उभी असलेली टँकर जहाजं नुसते धुरकट डाग वाटतात. एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्याच्या काचा पांढऱ्या होतात आणि माणूस आंधळ्यासारखा दारातच थबकतो. सुनेत्रा टिपणीस अशा कित्येक ऑगस्टांत त्या दारात थबकली होती. मुलुंडहून लग्न करून अमिरातीतल्या या बंदरगावात आली तेव्हा तिला वाटलं होतं, दोन वर्षं काढू, पैसे साठवू, परत जाऊ. नवरा प्रकाश तेलाच्या टर्मिनलवर होता, तिला एका शिपिंग एजन्सीत नोकरी लागली, वैभवी झाली, ती बारावीलाही पोचली, आणि दोन वर्षं काही संपली नाहीत.

एजन्सीचं काम म्हणजे जहाजांची सरबराई. कुठलं जहाज कधी येतंय, कुठले खलाशी उतरणार, कुठले चढणार, त्यांची लाँच, त्यांचे परवाने, भाजीपाला, डॉक्टर. सगळं फोनवर आणि कॉम्प्युटरवर. इतकी जहाजं तिच्या हाताखालून गेली, पण स्वतः ती एकाही जहाजावर चढून कुठे गेली नव्हती.

अशाच एका ऑगस्टात एक नॉर्वेजियन कप्तान उतरला. कागदपत्रं व्हायला वेळ होता म्हणून तो तिच्या टेबलासमोर बसला, घाम पुसत. तिने विचारलं, "टू हॉट?" त्याने हसून फोन पुढे केला. त्यावर एक छोटंसं बंदर दिसत होतं. करडं पाणी, पिवळं गोदाम, टेकडीवर पांढरं चर्च, आणि अंगाला पावसाचं जाकीट चढवून धक्क्यावरून जाणारा एक माणूस. "माझं गाव," तो म्हणाला. "हावनेस. युरोप संपतो ना, तिथे. धक्क्यावर कॅमेरा लावलाय, कुणीही बघावं. हे आत्ताचं आहे, आत्ता या क्षणाचं."

आत्ताचं. हा शब्द तिच्या डोक्यात राहिला. दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तो कॅमेरा शोधून काढला, आणि मग तो बंद झालाच नाही. एका कोपऱ्यात जहाजांचा तक्ता, दुसऱ्या कोपऱ्यात हावनेस. बाहेर सूर्य डांबर वितळवत असायचा आणि तिच्या कोपऱ्यात बर्फ पडत असायचा. नोव्हेंबरच्या शेवटी तिथला सूर्य मावळायचा तो थेट जानेवारीत उगवायचा. मे महिन्यात उगवला की जुलैच्या शेवटापर्यंत मावळायचाच नाही. तिला तिथली बर्फ ढकलणारी गाडी माहीत झाली. खुर्चीला लांब पात्या लावल्यासारखी लाल घसरगाडी ढकलत जाणारी एक म्हातारी माहीत झाली. मग तिने वाचायला सुरुवात केली. हॅमरफेस्ट, किर्केनेस, ग्रीनलंडमधली गावं, सायबेरियातली गावं, लोक तिथे काय खातात, अंधारात मुलं शाळेत कशी जातात, झाडंच नाहीत तर पक्षी घरटी कुठे बांधतात. जेवताना ती सांगायला लागली की वैभवी डोळे फिरवायची. "आई, प्लीज, नॉट हावनेस अगेन." प्रकाश त्या गावाला 'सुनेत्राचं माहेर' म्हणायचा.

दरवर्षी जायचं ठरायचं. एका वर्षी सासऱ्यांचं ऑपरेशन, एका वर्षी पुण्यातल्या फ्लॅटचा ताबा, एका वर्षी कोव्हिड. दुबईच्या एका सेलमध्ये तिने जाडजूड, गुडघ्यापर्यंत येणारा निळा कोट मात्र घेऊन ठेवला होता. तो कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत टांगलेला असायचा.

इसाबेल या सगळ्यात आली ती पावामुळे. एका हॉटेलच्या बेकरीत ती मुख्य होती, वसईची, नवऱ्यापासून वेगळी झालेली, मुलगी जेनेल वसईला आजीकडे. हॉटेलच्या काउंटरवर वैभवीशी मराठीत बोलता बोलता सुनेत्राने एकदा विचारलं, "इज धिस फ्रेश?" तर पलीकडून मराठीत उत्तर आलं, "मी स्वतः केलाय, ताजा नसेल तर माझं नाव बदला." तेव्हापासून दोघींचं जमलं. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी त्या कॉर्निशवर, समुद्रकाठच्या फिरायच्या रस्त्यावर, बसून कागदी कपातला कडक चहा प्यायच्या. इसाबेल बडबडी, हसरी, आणि थंडीला कमालीची घाबरणारी. सुपरमार्केटच्या दुधाच्या शीतकपाटाजवळून जाताना ती शाल लपेटायची. सुनेत्रा फोनवर हावनेस दाखवायची तेव्हा ती म्हणायची, "बंद कर ते, मला बघूनच सर्दी होते."

मग इसाबेलच्या हॉटेलचा मालक बदलला. नव्याने ठरवलं की पाव बाहेरून मागवायचा, बेकरी खलास. इसाबेलच्या हातात तीन महिन्यांची नोटीस पडली. त्या संध्याकाळी ती कॉर्निशवर गप्प बसून होती. तिला हसवायचं म्हणून सुनेत्राने फोन काढला. हावनेसच्या लोकांचं एक पान होतं, त्यावर येणारं सगळं ती भाषांतर करून वाचायची, अगदी हरवलेल्या मांजरासकट.

"हे ऐक," ती म्हणाली. "आमच्या हावनेसच्या हॉटेलला बेकर पाहिजे. अनुभव हवा, राहायला जागा बघून देऊ. सहा महिने झाले, कुणी मिळत नाहीये. जातेस का?"

दोघी हसल्या. मग इसाबेल हसायची थांबली. "अनुभव किती म्हणतात?"

सुनेत्राने तिला मनापासून मदत केली, हे खरं. अर्ज तिनेच लिहिला, सर्टिफिकिटं तिनेच साक्षांकित करून आणली. फोनवर मुलाखत झाली तेव्हा काय काय सांगायचं तेही तिनेच शिकवलं. पण हे सगळं करताना तिच्या मनात ठाम होतं की हे होणार नाही. दुधाच्या कपाटाला घाबरणाऱ्या बाईला कोण नेतंय उत्तर ध्रुवापाशी?

नोकरी पक्की होऊन नॉर्वेचा परवाना आला तेव्हा इसाबेल एजन्सीत धावतच आली. सुनेत्राच्या गळ्यात पडून रडली. सुनेत्रा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि तिच्या खांद्यावरून कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातल्या पिवळ्या गोदामाकडे बघत राहिली. पोटात काहीतरी कालवल्यासारखं झालं. तिला वाटलं, दुपारच्या डब्यातलं काहीतरी बाधलं असेल.

बाधलं नव्हतं. ते दुसऱ्या दिवशीही होतं, तिसऱ्याही. जावेने ठाण्यात मोठा फ्लॅट घेतला तेव्हा, ऑफिसातल्या कुणाला बढती मिळाली तेव्हा, सुनेत्राला कधी असं झालं नव्हतं. कुणाचं चांगलं झालं की पेढे वाटणारी बाई म्हणून तिची ख्याती होती. आणि आता ती भांडी लावताना एकदम म्हणायची, "जिला नकाशात नॉर्वे दाखवता येत नाही, ती जाणार." प्रकाश वर्तमानपत्रातून मान वर करायचा. "कोण?" "कुणी नाही."

निघायच्या आधी इसाबेल घरी जेवायला आली. थंडीचे कपडे कुठे मिळतील विचारत होती. प्रकाशने अगदी साध्या मनाने म्हटलं, "अगं, तुझा तो निळा कोट आहे ना, तसाच पडलाय. दे की हिला."

"त्याची चेन बिघडलीये," सुनेत्रा म्हणाली.

वैभवीने आईकडे पाहिलं. चेन बिघडायला कोट कधी घातला होता कुणी?  सुनेत्राने उगाच इसाबेलच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली, तूप जरा जास्तच ओतलं.

इसाबेल सप्टेंबरात गेली. पोचल्यावर चार दिवसांनी तिचा मेसेज आला, 'आत्ता कॅमेरा बघ, लगेच!' सुनेत्रा एका जहाजाच्या खलाशांची यादी करत होती. तिने कोपऱ्यात पाहिलं. धक्क्यावर, पिवळ्या गोदामासमोर, कुणाचं तरी ढगळं तांबडं जाकीट घातलेली एक बुटकी आकृती उभी होती आणि दोन्ही हात वर करकरून हलवत होती. शेजारून जाणारा एक माणूस थांबला. आकृतीने त्याला काहीतरी सांगितलं, कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं, आणि मग तोही हात हलवायला लागला.

वर्षानुवर्षं सुनेत्राने त्या चित्रात स्वतःला उभं करून पाहिलं होतं. कुठे उभी राहीन, कोणत्या बाजूने चालत येईन, सगळं. नेमक्या त्याच जागी इसाबेल उभी होती. सुनेत्राने उत्तरात दोन नाचणाऱ्या बायकांची चित्रं पाठवली आणि कॅमेरा बंद केला. त्या दिवशी तिने एका फिलिपिनो खलाशाचं नाव चुकीच्या जहाजावर टाकलं. तिच्या हातून असं कधी होत नसे.

मग एक विचित्र काळ सुरू झाला. इसाबेल व्हिडिओ पाठवायची आणि सुनेत्रा त्यात चुका काढायची. 'त्याला डोंगर म्हणत नाहीत, तो फक्त खडकाळ कडा आहे.' 'हे नॉर्दर्न लाइट्स काहीच नाहीत, फेब्रुवारीत बघ.' अंधाराचे महिने आले आणि इसाबेलचा आवाज बारीक झाला. दुपारी बारालाही दिवे लागतात, सकाळी उठवत नाही, जेनेलची आठवण येते, चर्चमध्ये गाणी ओळखीची आहेत पण शब्द कळत नाहीत. सुनेत्रा फोनवर "अगं होईल सवय" म्हणायची आणि फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटायचं. इतकं हलकं, की ती भाजी चिरताना गुणगुणायची. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कुणी इसाबेलची चौकशी केली तर ती सुस्कारा टाकून सांगायची, "रडतेय बिचारी. सगळ्यांचं काम नाही ते."

पण इसाबेल रडत बसणाऱ्यातली नव्हती. एका सकाळी तिचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा खणखणीत आला. "सुनेत्रा, ह्यांच्या गोड पावात वेलची असते गं! आपली वेलची! इथे, जगाच्या टोकाला! पण भिकार कुटतात, वासच येत नाही. मी माझी कुटून घातली, तर रांग लागली." पुढच्याच आठवड्यात तिथल्या छोट्या वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, हातात पावांचा ट्रे घेतलेला. वैभवीने तो बघून म्हटलं, "वॉव आई, युवर टाउन हॅज अडॉप्टेड इसाबेल आँटी."

सुनेत्राने त्यानंतर उत्तरं देणं कमी केलं. कामात आहे, जहाजं फार आहेत, नंतर बोलते. हावनेसच्या पानावर कुणी इसाबेलच्या पावाचं कौतुक केलं की ते भाषांतर करून तीन-तीनदा वाचायची. दात दुखत असला की जीभ तिथेच जाते तसं.

शेवटी प्रकाशच बोलला. गाडीत, बंदराच्या सिग्नलला. "सुनेत्रा, तू एकदा जाऊन ये. मला सुट्टी मिळणार नाही, वैभवीची परीक्षा आहे. तू जा."

"पुढच्या वर्षी सगळे मिळून..."

"पुढच्या वर्षी काही नाही. मी रोज घरी येतो आणि तू चिडलेली असतेस. कुणावर, ते मला कळत नाही असं समजू नकोस."

तिला इतकी लाज वाटली की ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. घरी पोचल्यावर तिने व्हिसाची अपॉइंटमेंट घेतली.

जानेवारीच्या अखेरीस ती किर्केनेसच्या विमानतळावर उतरली आणि बसने निघाली. पांढरं, पांढरं, मधेच काळं पाणी, आणि क्षितिजावर नुकताच परतलेला सूर्य, केशरी, जेमतेम अर्धा वर आलेला. तिचे डोळे भरून आले. बसमध्ये दुसरं कुणी बाहेर बघतही नव्हतं.

हावनेसच्या थांब्यावर इसाबेल उभी होती, लाल घसरगाडी घेऊन. तीच, म्हातारीची. "घरमालकिणीची आहे, उसनी आणलीये," ती म्हणाली आणि सुनेत्राला कडकडून भेटली. मग जरा मागे सरकून तिने सुनेत्राच्या निळ्या कोटाकडे पाहिलं. गळ्याशी उघडी राहिलेली चेन तिने दोन बोटांनी धरली आणि सर्रकन वर ओढली. कशी छान, न अडकता गेली.

"दुरुस्त झाली वाटतं," इसाबेल म्हणाली.

 इसाबेलने बॅग घसरगाडीवर टाकली, एक पाय पातीवर ठेवला, दुसऱ्याने बर्फाला लाथ मारली आणि उतारावरून निघाली. दुधाच्या कपाटाजवळ शाल लपेटणारी बाई! सुनेत्रा मागून एकेक पाऊल जपून टाकत, हात पसरून, बदकासारखी चालत गेली.

पुढचे दोन दिवस ती पाहुणी होती. धक्का ओळखीचा होता, गोदाम ओळखीचं होतं. पण कॅमेरा ज्या खांबावर होता त्या खांबाच्या मागे अख्खं गाव होतं, जे तिने कधी पाहिलंच नव्हतं. शाळा होती, मासळीचा कारखाना होता, रंग उडालेली बंद घरं होती, बायका केस कापायला जायच्या ते दुकान होतं. इसाबेल प्रत्येकाशी थांबून मोडक्या नॉर्वेजियनमध्ये बोलत होती, कुत्र्यांनासुद्धा नावाने हाका मारत होती. सुनेत्रा इंग्रजीत लोकांना त्यांच्याच गावाची माहिती सांगायची, हे चर्च कधी बांधलं, कुठल्या वर्षी सर्वात जास्त बर्फ पडला. लोक सौजन्याने ऐकायचे आणि विचारायचे, "तुम्ही नॉर्दर्न लाइट्स बघायला आलात का?"

तिसऱ्या दिवशी दुपारी इसाबेलच्या स्वयंपाकघरात ठिणगी पडली. इसाबेल मजेत सांगत होती, हॉटेलने करार वाढवलाय, उन्हाळ्यात जेनेलला आणणार, तिच्या शाळेचंसुद्धा बोलून झालंय.

"म्हणजे आता कायमचीच," सुनेत्रा म्हणाली.

"हो, बहुतेक."

"तुला तर हे गाव नकोच होतं. तुला बघून सर्दी व्हायची. हे माझं होतं, इसाबेल."

इसाबेलने चहाचं भांडं खाली ठेवलं. "होतं ना. मी कुठे नाही म्हटलं? पण तू टीव्हीसारखं बघत बसलीस. जाहिरात तू वाचलीस, अर्ज तू लिहिलास, मी काय चोरलं तुझं?"

"चोरलं नाहीस. पण मला जळायला होतं. रोज. तू अंधारात रडायचीस ना, तेव्हा मला बरं वाटायचं. आता सांगितलं."

इसाबेलने कपांत चहा ओतला. सुनेत्राला वाटलं, आता ही म्हणेल, तुझा नवरा जवळ आहे, मुलगी जवळ आहे, मलाही तुझा हेवा वाटतो. तसं म्हणाली असती तर सुनेत्राला धरायला काहीतरी मिळालं असतं. पण इसाबेल तसं काही म्हणाली नाही.

"मला इथे आवडतं," ती म्हणाली. "खरंच आवडतं, त्याला मी काय करू? आणि तू जळतेस ते मला कोटाच्या वेळीच कळलं होतं. जळ बाई. इथे थंडी आहे, तेवढीच ऊब." आणि ती हसली. सुनेत्राला हसू आलं नाही, पण रडूही आलं नाही. तिने कप विसळून ठेवले.

परतीच्या आदल्या दिवशी वादळ सुरू झालं. रस्ता बंद, बस बंद, विमानतळ बंद. हॉटेलातला इसाबेलचा मदतनीस पलीकडच्या गावात अडकला. पहाटे उठून इसाबेलबरोबर सुनेत्रा गेली, कणीक मळली, ट्रे उचलले, वेलची कुटली. दुपारी परत येऊन तिने घराच्या पायऱ्यांवरचा बर्फ फावड्याने ओढला आणि तो तासाभरात पुन्हा साचला म्हणून पुन्हा ओढला. खालच्या मजल्यावरची घरमालकीण, सोल्वेग, हे खिडकीतून बघत होती. तिसऱ्यांदा सुनेत्रा फावडं घेऊन आली तेव्हा तिने दार उघडून तिला आत ओढलं.

सोल्वेग ऐंशीच्या घरातली, उंच, कमी बोलणारी. दाराशी बूट काढायला लावले, अगदी आपल्यासारखे. सुनेत्राला वाटलं, आता पुन्हा नॉर्दर्न लाइट्स. पण सोल्वेगने विचारलं, "तिकडे तू काय काम करतेस?"

"जहाजांचं. फुजैरात. येणाऱ्या जहाजांशी बोलते."

सोल्वेगचा चेहराच बदलला. ती उभं आयुष्य किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रात होती. वादळात सापडलेल्या मच्छिमारी बोटी, रशियाकडे जाणारी जहाजं, सगळ्यांशी बोलायची. "आणि तू कधी गेलीस का जहाजाने कुठे?" सुनेत्राने विचारलं. सोल्वेग मोठ्याने हसली. "नाव काढू नकोस. मला बोट लागते."

मग सुनेत्राने फोनवर फुजैराच्या बाहेर उभी असलेली जहाजं दाखवली, छोट्या रंगीत बाणांसारखी. सोल्वेगने चष्मा लावला. एकेक नाव वाचत गेली. एका जहाजाच्या जुन्या मालकांना ती ओळखत होती. एका कप्तानाचा आवाज कसा होता ते तिने नक्कल करून दाखवलं, आणि सुनेत्राने एका ग्रीक कप्तानाची नक्कल करून दाखवली, जो प्रत्येक वाक्याला "माय डिअर मॅडम" म्हणून तिच्यावर ओरडायचा. वर इसाबेलने वाट बघून शेवटी जमिनीवर पाय आपटला, जेवायला ये म्हणून.

वादळ निवलं तेव्हा बर्फ ढकलणाऱ्या गाडीच्या मागोमाग बस निघाली. सुनेत्राला निघवत नव्हतं. आल्या दिवशी डोळे भरून आले होते ते वेगळं होतं. तेव्हा चित्राचा हेवा होता. आता तिला त्या पायऱ्यांचा, त्या फावड्याचा, सकाळी उठून दार उघडल्यावर अंगावर येणाऱ्या वाऱ्याचा हेवा वाटत होता, आणि ते सगळं इसाबेलला उद्याही मिळणार होतं.

फुजैरात परतल्यावर ती काही शहाणी-शांत झाली नाही. पण प्रकाशशी सरळ बोलली. "मला तिथे राहायचंय. फिरायला नाही. वैभवी कॉलेजला गेली की तीन महिने. व्हिसा तेवढाच देतात."

"आणि मी?"

"तू यायचं तर ये. नाही तर इथे डाळ-तांदूळ आहेत."

प्रकाशने दोन दिवस तोंड फुगवलं. मग युट्यूबवर बघून खिचडी करायला शिकला आणि ती बायकोला खाऊ घालून म्हणाला, "जमेल."

ऑगस्टमध्ये इसाबेल जेनेलला आणायला वसईला निघाली. वाटेत दोन दिवस फुजैरात सुनेत्राकडे उतरली. गोरी झाली होती, केस कापले होते. उन्हात बाहेर पाऊल टाकताच म्हणाली, "बाप रे, कसे राहता तुम्ही इथे!" ते सुनेत्राला लगेच टोचलं. तुम्ही म्हणे!

संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात होत्या. ओट्यावरचा सुनेत्राचा फोन वाजला. इसाबेलने पडद्यावरचं नाव पाहिलं.

"सोल्वेग? सोल्वेग तुला फोन करते?"

"रोज नाही. आठवड्यातून तीनचार वेळा," सुनेत्रा म्हणाली आणि फोन कानाला लावला. सोल्वेगला सांगायचं होतं की हावनेससमोरून आज एक टँकर गेलाय, दक्षिणेला निघालाय, बहुतेक सुनेत्राकडेच येईल, तर त्याच्या कप्तानाला तिने सोल्वेगचा नमस्कार सांगावा. मग दोघी धुक्याबद्दल बोलल्या, सोल्वेगच्या गुडघ्याबद्दल बोलल्या. समुद्राकाठी सोल्वेगची एक लाकडी झोपडी होती, वडिलांची. ऑक्टोबरमध्ये सुनेत्रा आली की तिकडे आठवडाभर जाऊन राहायचं, हे पुन्हा एकदा पक्कं झालं.

सुनेत्राने फोन ठेवला तेव्हा इसाबेल कांदा चिरत होती. जोरात.

"झोपडीवर नेणारे तुला?"

"हो, म्हणाली खरी."

"मी तिच्या डोक्यावर वर्षभर राहतेय. रोज ताजा पाव नेऊन देते. भाडं घेतानासुद्धा माझ्याशी चार वाक्यांच्या वर बोलत नाही ती बाई. झोपडी आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं." तिने सुरी खाली ठेवली. "तुम्ही बोलता तरी काय एवढं?"

"जहाजांचं."

"जहाजांचं!" इसाबेल म्हणाली आणि नाक ओढलं. कांद्याने असेल.

सुनेत्राने पातेल्यात तेल टाकलं, मोहरी टाकली, झाकण हातात धरून उभी राहिली. तिला इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. ही भावना फारशी चांगली नाही हे तिला कळत होतं, पण ती आवरायचा प्रयत्नही तिने केला नाही. तिच्याकडेच बघत इसाबेल चिडून म्हणाली, "हसतेस काय?" आणि मग तिलाच हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी सुनेत्रा तिला दुबईच्या विमानतळावर सोडायला गेली. सामान ट्रॉलीवर चढवून झाल्यावर इसाबेल वळली.

"ऑक्टोबरमध्ये आलीस की माझ्याकडे राहायचं. वर. खाली सोल्वेगकडे नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"बघू," सुनेत्रा म्हणाली.